तांब्याभर जीवन

आमच्या गावाला पेपर यायचा तो दुपारच्या एसटीनं, दहिवडीहून. गाडी नीट थांबायच्या आधीच कंडक्टर गठ्ठा खाली टाकायचा आणि पिंपळाच्या पारावर बसलेली चार माणसं उठायची. माझे चुलते तात्या त्या चारांत नसायचे. ते गावच्याच शाळेत मास्तर, शाळा सुटेपर्यंत त्यांना हलता यायचं नाही. पेपर आणून, घडी न मोडता कोनाड्यात ठेवणं हे माझं काम. रविवारी मात्र ते स्वतः पारावर जायचे, कारण रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं असायचं.

शब्दकोडं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं गावातल्या बऱ्याच जणांचं मत होतं. माझ्या वडिलांचंही. पण भर सुगीतसुद्धा तात्या रविवारी दुपारी ओसरीवर पोतं टाकून बसायचे. पाठीला भिंत, पुढ्यात पाट, पाटावर पुरवणी, कानावर शिसपेन्सिल. पेनानं कोडं भरणारा माणूस त्यांना आवडायचा नाही. "त्याला वाटतं आपलं चुकणारच नाही," म्हणायचे. दहा वर्षांचा असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसायला लागलो. माझ्याकडे खोडरबर.

मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. त्यामुळे 'आयुष्य' एवढं मोठं असूनही तीन घरांत मावतं आणि 'प्राण' दोनच घरांत. जगण्याबद्दलचे शब्द कोड्यात फार येतात हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. जिवंत असलेला, तीन अक्षरं : हयात. पोट भरायचं साधन, पाच अक्षरं : उपजीविका. मुलाच्या नावाआधी लावतात, चार अक्षरं : चिरंजीव. कोडं करणाऱ्याला घरं भरायला जगण्याइतकं सोयीचं दुसरं काही सापडत नसावं.

असंच एकदा आलं, 'जीवन', दोन अक्षरं. मी लगेच म्हणालो, "जन्म."

"आडवं अडलं की उभं बघावं," तात्या म्हणाले. उभ्या शब्दातून 'णी' आला होता. ती 'राणी'तली होती. जन्म बसेना. तात्यांनी पेन्सिलीनं सावकाश लिहिलं, पाणी.

मला काही ते पटलं नाही. पाणी म्हणजे जीवन हे शाळेच्या भिंतीवर तात्यांनीच रंगवलेलं वाक्य होतं, पण ती म्हणायची गोष्ट. शब्दाचा अर्थच तसा कसा असेल? तात्या उठले आणि आतून आपट्यांचा 'शब्दरत्नाकर' घेऊन आले. पाठीमागची शिवण गेलेली, वर खाकी कागद. जीवन या शब्दाखाली मला बोट ठेवायला लावलं. अमरकोशात पाण्याची म्हणून जी नावं दिली आहेत त्यांत जीवन आहे, अमृत आहे, भुवनही आहे, हे सांगितलं. आणि मग स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगं, तांब्याभर जीवन आण!"

"काय आणू?" काकी आतून.

"जीवन!"

"पाणी म्हनायला काय झालं?" म्हणत काकी तांब्या घेऊन आली. तेव्हापासून तो घरचा विनोद होऊन बसला. पाहुणे आले की तात्यांनी म्हणायचं आणि काकीनं पदराआड हसायचं. पुढं पुढं ती हसेनाशी झाली, नुसता तांब्या आणून ठेवायची.

काकीला त्या शब्दाचं नवल वाटायचं कारण नव्हतं. तिचं लग्न झालं १९७२ च्या वैशाखात, आणि पाठोपाठ दुष्काळ. माणदेशात दुष्काळाचं कौतुक नाही, पण त्या सालची गोष्ट वेगळी होती. माणसं दिवसभर खडी फोडायची, पोरं सुकडीसाठी रांगेत उभी राहायची, अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत. काकी पहाटे तीनला उठून माणगंगेच्या पात्रात जायची. वाळूत हातभर झिरा उकरायचा आणि पाझरेल तसं वाटीवाटीनं घागरीत भरायचं. एका घागरीला दीड तास. दोन बायका झाल्या तर भांडणं. हळद उतरायच्या आधी तिच्या नखांत वाळू गेली ती पावसाळा येईपर्यंत निघाली नाही, असं ती सांगायची.

पुढं मी शिकलो, नोकरीला लागलो. ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. पाठांतर कमी आणि मार्क बरे म्हणून मुलं हा विषय घेतात, त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नाही. रविवारची कोडी सुटली ती सुटलीच. तात्यांची सुटली नाहीत. २००६ ला ते निवृत्त झाले आणि मग पुरवणीतलंच नव्हे, रोजचंही कोडं भरायला लागले.

२०१६ च्या ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर, तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. साताऱ्याच्या दवाखान्यात सतरा दिवस होते. तिथून घरी आणले ते नाकात नळी घालून. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. गिळायचे स्नायू काम करत नाहीत, तोंडातून काही दिलं तर ते अन्ननलिकेत जाण्याऐवजी श्वासनलिकेत जाईल, फुफ्फुसात उतरेल आणि न्यूमोनिया होईल. घट्ट एक वेळ ठीक, पातळ तर मुळीच नको. पाण्याला अजिबात भरवसा नाही. सगळं नळीतून : पेज, डाळीचं पाणी, दूध, औषधं, पाणी. "समजतं किती?" मी विचारलं. "बोलणं गेलंय हे नक्की," डॉक्टर म्हणाले, "समजतं किती ते तुम्हीच हळूहळू बघा."

नोव्हेंबर आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागते. हयातीचा दाखला. कोड्यातलं तीन अक्षरी 'हयात' इथं सरकारी कामाला लागतं. बोटाच्या ठशावर यंत्रानं दाखला मिळायची सोय २०१४ पासून झालेली, पण तात्यांचं डावं बोट यंत्रानं तीनदा नाकारलं. मग त्यांना गाडीत घालून तालुक्याला नेलं. नोटाबंदी होऊन आठवडा झाला होता, बँकेपुढं रांग रस्त्यापर्यंत. रांगेतल्या माणसांनीच वाट करून दिली. साहेब बाहेर आले, गाडीच्या खिडकीतून वाकून बघितलं आणि आत बघून म्हणाले, "आहेत."

सहीच्या जागी अंगठा घ्यायचं ठरलं. नव्वदीत साक्षरता मोहीम आली होती तेव्हा ह्या माणसानं रात्री कंदील घेऊन वस्तीवस्तीवर जाऊन बायामाणसांना सही शिकवली होती. अंगठा लावणारा कुणी दिसला की त्यांचा संताप व्हायचा. आता कारकुनानं त्यांचा डावा अंगठा शाईच्या डबीवर दाबला. तात्यांनी डोळे मिटून घेतले. अंगठ्याला साक्षीदार दोन लागतात. एक मी, दुसरी काकी. तिनं रांगेसमोर गाडीच्या टपावर कागद ठेवून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं. तात्यांनी डोळे उघडून ते बघितलं. समजतं किती, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

कागदावर जिवंत असणं ही लहान गोष्ट नाही, हे मी मान्य करतो. उत्तर प्रदेशात आजमगढ जिल्ह्यातल्या लालबिहारी यांना जमिनीच्या कागदोपत्री मृत दाखवलं होतं. १९७५ पासून १९९४ पर्यंत हा माणूस आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवत हिंडला, नावापुढं 'मृतक' लावलं, आपलं अस्तित्व नोंदलं जावं म्हणून निवडणुकीलासुद्धा उभा राहिला. त्याचं दुःख कळतं. तात्यांचं उलटं होतं. कागद म्हणत होता, आहेत. घरात आम्ही त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल 'होते' असं बोलायला लागलो होतो. तात्यांना शेपूची भाजी फार आवडायची. तात्या कोडी मस्त सोडवायचे. आवडायची, सोडवायचे. ते तिथंच खाटेवर, डोळे उघडे.

२०१७ च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो तेव्हा गाव ओस पडलं होतं. म्हणजे सगळे माळावर होते. पाणी अडवायच्या स्पर्धेत तालुका उतरला होता, माणसं पहाटेपासून टिकाव-घमेली घेऊन चर खणत होती. काकी दोनदा जाऊन आली होती. मी तात्यांजवळ बसायचो. एका रविवारी पुरवणी घेऊन बसलो आणि मोठ्यानं कोडं वाचायला लागलो, वेळ जावा म्हणून. रांगेनं वाचत गेलो. आडवे चौदावर आलो : 'जीवन', दोन अक्षरं.

तात्यांचा डावा हात उचलला गेला. मी पेपर पुढं धरला. बोट घरंगळत, थरथरत आलं आणि त्या ओळीवर टेकलं.

"जिणं?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "प्राण?" परत मान हलवली. बोट तिथंच. दोनदा, तीनदा कागदावर आपटलं. डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. मला वाटलं, सात महिन्यांनी हा माणूस बोलतोय, आणि तो विचारतोय : हे जीवन आहे का?

मी पेपर बाजूला ठेवून त्यांचा हात धरला आणि बोलत बसलो. काय बोललो ते आता आठवायची लाज वाटते. शरीर म्हणजेच सगळं नाही, वगैरे. वर्गात बोलतो तसं. तात्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडं मान वळवली. त्याचाही अर्थ मी माझ्या मतानं लावला.

संध्याकाळी पिंपरीला अण्णाला फोन केला. अण्णा त्यांचा मुलगा, माझ्यापेक्षा मोठा, कारखान्यात शिफ्टची नोकरी. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सोमवारी कंपाउंडर नळी बदलायला येणार आहे ना? मग जुनी काढू दे. नवी घालायला नको. ते सांगतायत तर ऐकू या." नवी नळी न घालणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही ते तोंडानं म्हटलं नाही. मी "बरं" म्हणालो. अण्णाला कुणी दोष देऊ नये. सात महिने त्यानं महिन्याला दोन खेपा केल्या होत्या, कर्ज काढलं होतं, आणि रात्री बाप कण्हतो तेव्हा काय होतं ते त्यानं जवळून बघितलं होतं. दोष असला तर ज्यानं त्याला चुकीची बातमी दिली त्याचा.

काकी माळावरून आली, हातपाय धुतले, चुलीपुढं बसली. मी तिलाही सांगितलं, जरा सावरून. ती लाकूड पुढं सारत ऐकत होती.

"कशावर बोट ठिवलं म्हनलास?"

"जीवन या शब्दावर."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आरं, मग पाणी मागत्याती की."

मी तसाच बसून राहिलो. मग पुरवणी आणली. उभं बघितलं. चौदा उभे : 'वर्षा ऋतू', चार अक्षरं. पावसाळा. पहिलं अक्षर पा.

तर्कशास्त्रात एक दोष शिकवतात. अनुमानात एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला की निष्कर्ष फसतो. परीक्षेत हमखास येतो, दोन मार्कांना. दर वर्षी मी त्याची उदाहरणं फळ्यावर लिहून देतो. आणि तो दोष करून मी एका माणसाची नळी काढायची तयारी केली होती, तीही त्याच्याच नावानं, त्याचंच म्हणणं म्हणून. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं बोलताना आपण बहुधा आपलंच काहीतरी बोलतो. हे नळी ठेवू म्हणणाऱ्यालाही लागू आहे, काढू म्हणणाऱ्यालाही.

अण्णाला परत फोन करून सांगितलं. तो रडला. सोमवारी नवी नळी घातली.

पण गोष्ट तिथं संपली नाही, खरी अडचण तिथून सुरू झाली. आता आम्हाला कळलं होतं की त्यांना पाणी हवंय. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "नळीतून दिवसाला दीड लिटर जातंय. शरीरात पाणी कमी नाही. तोंड कोरडं पडत असेल, ओला कापूस ओठांवरून फिरवा. पण तोंडातून पाणी नाही. घात होईल." ते चुकीचं काही सांगत नव्हते. मी कापूस भिजवून ओठांना लावला. तात्यांनी ओठ मिटून मान फिरवली. कापसाची चव कुणाला हवी होती?

तहान पोटाला लागते की घशाला? दीड लिटर पाणी पोटात जात होतं, आणि घोट म्हणून जी गोष्ट असते, थंड, माठातली, मातीचा वास असलेली, ती सात महिन्यांत एकदाही नाही. आपल्याकडं मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, तुळशीचं पान ठेवतात. मरताना तोंडात पाणी घालायला कुणीतरी पाहिजे, असं म्हणत माणसं पोरांसाठी नवस करतात. म्हणजे मरायला टेकले की तात्यांना पाणी मिळणार होतं. जगत होते तोवर नाही.

मी दोन दिवस ह्याचा विचार केला. काकीनं केला नाही, किंवा केला असला तरी मला सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर तिनं तात्यांना भिंतीला उशा लावून ताठ बसवलं होतं. हातात पितळी वाटी, चमचा. मी खाटेवरून उठलो नाही. तिनं चमचा त्यांच्या डोळ्यांपुढं धरला आणि म्हणाली, "ठसका लागंल. जीवावर बेतंल म्हनत्यात. ऐकताय न्हवं?" आणि थांबली. चमचा तसाच धरून थांबली. बरंच. मग तात्यांनी तोंड उघडलं.

पहिल्या चमच्याला ठसका लागला, दुसरा गेला, तिसराही गेला. तात्यांचा चेहरा मी बघितला. त्याचं वर्णन करणार नाही. त्या दिवसापासून रोज पहाटे तीन चमचे. मला दिसतंय हे तिला ठाऊक होतं, पण आम्ही बोललो नाही. अण्णाला काही सांगितलं नाही. तात्या पुन्हा कोड्याकडं बघायला लागले. मी वाचायचो, मुद्दाम चुकीचं उत्तर सांगायचो, आणि डावा हात रागानं चादरीवर आपटायचा. सुट्टी संपून मी गेलो.

जूनच्या अखेरीला ताप आला, छाती भरली. पुन्हा साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी फिल्म दिव्यापुढं धरली आणि मला विचारलं, "तोंडातून पाणी वगैरे दिलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

"नसेल," ते म्हणाले. "नळी असली तरी कधीकधी लाळ उतरते. होतं असं." पाचव्या दिवशी तात्या गेले.

पुढच्या वर्षी, ९ मार्च २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सन्मानानं मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि आपल्यावर कोणते उपचार करू नयेत हे माणसाला आधी लिहून ठेवता येईल, असा. मी तो बारकाईनं वाचला. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात शब्द आहे 'जीवित', तीन अक्षरं. आता मीही तसा कागद करावा म्हणून बसलो. काय करू नये ते भराभर सुचलं. नळी नको, यंत्र नको. पण ह्या कागदावर तात्यांनी काय लिहिलं असतं? मला घोटभर पाणी द्या, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं? की मला पाणीही द्या आणि जगवाही? त्यांनी पाणी मागितलं होतं, मरण मागितलं नव्हतं. काकीनं त्यांना धोका सांगितला आणि थांबली, हे मी पाहिलंय. पण तोंड उघडणारा तहानलेला माणूस ते ऐकून उघडतो की चमचा बघून? मला अजून ठरवता येत नाही. डॉक्टरांचं ऐकलं असतं तर तात्या कदाचित वर्षभर आणखी राहिले असते. नोव्हेंबरात बँकेत नेलं असतं. साहेबांनी खिडकीतून बघून म्हटलं असतं, आहेत.

माझा कागद अर्धाच लिहून राहिलाय. पेन्सिलीनं.

काकी आता पंचाहत्तरीला आलीय. मागच्या उन्हाळ्यात ओसरीवर बसलो होतो, ती तुळशीला पाणी घालून आली आणि खांबाला टेकली. एकदम म्हणाली, "त्यो डागतर तवा तुला फिलिम दावून काय इचारत व्हता रं?"

"काही नाही. वय विचारत होते."

"हं," काकी म्हणाली. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं ते तिनं खाली ओतलं नाही. माझ्यापुढं धरलं.